मामा तलावातले स्पंज आणि जलव्याल : प्रस्तावना

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा येतो आणि पहिल्या दोन संघांवरच शिक्षक-विद्यार्थी दोघांचीही पंचाईत होते. रंध्रीय प्राण्यांची उदाहरणे म्हणून सायकॉन, आंघोळीचा स्पंज, यूप्लेक्टेल्ला ही नावे पाठ करायची. निडारियांमध्ये समुद्रफूल, प्रवाळ, ऑरेलिया, फायसेलिया. एक जलव्याल (हायड्रा) सोडला तर सगळी यादी खाऱ्या पाण्याची. गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शीहून पश्चिमेचा समुद्र सातशे किलोमीटरांवर, पूर्वेचाही चारशेच्या आसपास. मग फळ्यावर आकृती, आकृतीला बाण, बाणांना नावे आणि परीक्षेत दोन गुण. विषय तिथेच आटोपतो.

चामोर्शी परिसरातले शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासाठी तयार झालेली ही पुस्तिका सुरुवातच दुसऱ्या टोकापासून करते. स्पंजांच्या जगभरात नऊ हजारांवर जाती नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतल्या अडीचशेच्या आतबाहेर जाती गोड्या पाण्यात राहतात आणि भारतातल्या तलावांत, विहिरींत, कालव्यांत, नद्यांत त्या सर्रास सापडतात. निडारियांच्या अकरा हजारांवर जातींपैकीही काही गोड्या पाण्यातल्या आहेत. म्हणजे या दोन्ही संघांची ओळख करून घ्यायला समुद्रकिनारा लागत नाही. गावाबाहेरचा तलाव पुरतो. मला या प्रस्तावनेत एवढेच सांगायचे आहे की तलाव हा समुद्राला दिलेला दुय्यम पर्याय नाही. दर उन्हाळ्यात आटणारे आणि दर पावसाळ्यात भरणारे पाणी काही बाबतींत समुद्राहून कठीण घर आहे, आणि या प्राण्यांची शरीररचना समजून घ्यायला तेच घर अधिक सोयीचे आहे.

पूर्व विदर्भाला अशा घरांची वाण नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात आणि त्यानंतर कोहळी व इतर समाजांनी बांधलेले हे तलाव मालगुजारी संपल्यावर, 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, सरकारकडे आले. त्यांच्या जोडीला शेताशेतांतल्या बोड्या आहेत, घोटजवळ दिना नदीवरचा जलाशय आहे आणि मार्कंड्याच्या देवळांना वळसा घालून जाणारी वैनगंगा आहे. धानाला पाणी, ढिवरांना मासळी, गुरांना प्यायला, बायाबापड्यांना कपडे धुवायला एवढा हिशोब या पाण्याचा आपण लावतो. त्या पाण्यात बुडालेल्या काडीवर, दगडावर, शिंपल्यावर बसून राहिलेला प्राणी मात्र या हिशोबात नसतो, कारण तो प्राणी आहे हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

लक्षात न येणे स्वाभाविक आहे. युरोपातले विद्वानही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पंज ही वनस्पती की प्राणी यावर भांडत होते. एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँटने 1820 च्या दशकात जिवंत स्पंज पाण्यात ठेवून त्याच्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडणारी धार पाहिली, तेव्हा पारडे प्राण्याकडे झुकू लागले. या वादात मुंबईचाही वाटा आहे, आणि मराठी वाचकाला तो माहीत असायला हवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतला डॉक्टर हेन्री जॉन कार्टर याने मुंबई बेटावरच्या तलावांतले स्पंज सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे तपासले. 1848 आणि 1849 साली त्याने लंडनच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिले, पाच जातींची वर्णने दिली आणि स्पंजाचे प्राणित्व हा त्यातला एक मुख्य मुद्दा केला. पुढे 1863 साली बॉवरबँक या अभ्यासकाने एका जातीला कार्टरचेच नाव दिले. ती आजची यूनेपियस कार्टेरी, भारतातल्या तलावांमध्ये सगळ्यात सहज भेटणारा स्पंज. मुंबईचे बहुतेक जुने तलाव नंतर बुजले. धोबी तलाव तर आता निव्वळ पत्त्यात उरला आहे. तलावांवर उभे राहिलेले ते शास्त्र मात्र टिकले.

1911 साली नेल्सन अॅनंडेल याने ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टीच्या ग्रंथमालेत गोड्या पाण्यातले स्पंज, जलव्याल आणि पॉलिझोआ यांवर एक पूर्ण खंड लिहिला. हाच अॅनंडेल 1916 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचा पहिला संचालक. 1911 च्याच सुमारास मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात जीवशास्त्र शिकवणाऱ्या एका तरुण मराठी अध्यापकाला सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांत चक्क जेलीफिश सापडले. तोवर या प्रजातीतले प्राणी आफ्रिकेपुरतेच माहीत होते. टांगानिका सरोवर हे त्यांचे प्रसिद्ध ठिकाण. अॅनंडेलने 1912 साली या नव्या जातीचे वर्णन केले आणि तिला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. शोध लावणारे अध्यापक होते शंकर पुरुषोत्तम आघारकर, 1884 साली मालवणात जन्मलेले. पुढे ते वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. 1946 साली पुण्यात त्यांच्या पुढाकाराने जी विज्ञानवर्धिनी उभी राहिली, तिची प्रयोगशाळा आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. योग असा, की याच संस्थेत जलव्यालावर गेली अनेक वर्षे संशोधन चालू आहे आणि पुणे परिसरातला जलव्याल त्या कामातून जगभरच्या अभ्यासकांना परिचयाचा झाला आहे. पुण्याच्याच मॉडर्न कॉलेजातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी अलीकडे त्या भागातल्या गोड्या पाण्यातल्या स्पंजांच्या जाती नव्याने तपासून नोंदवल्या. मुंबईचे तलाव, साताऱ्याचे डोह, पुण्याच्या नद्या अशी ही परंपरा आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या शाळांनी तिच्यात भर घालावी हे ओघाने आलेच.

आता प्राण्यांकडे वळू. स्पंजाला तोंड नाही, पोट नाही, मज्जातंतू नाहीत, स्नायू नाहीत. आहे ती पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची व्यवस्था. अंगभर पसरलेल्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे ऑस्टियांतून, पाणी आत शिरते, कॉलर पेशींच्या लहान लहान कोठड्यांतून जाते आणि ऑस्क्युला या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. प्रत्येक कॉलर पेशीला एक कशाभिका असते. ती सतत हलत राहते आणि तिच्याभोवतीच्या गळपट्टीत जिवाणू व अन्नकण अडकतात. एका पेशीची ताकद नगण्य, पण पेशी अगणित. ल्युकोनिया या समुद्री स्पंजाचे उदाहरण पाठ्यपुस्तकांत नेहमी देतात. दहा सेंटिमीटर उंच आणि एक सेंटिमीटर जाडीच्या त्या प्राण्यात अशा सुमारे साडेबावीस लाख कोठड्या असतात आणि तो दिवसाला 22.5 लिटर पाणी गाळतो. जागचा न हलता पोट भरायचे, तर पाण्यालाच आपल्यातून फिरवावे लागते. स्पंजाचे सगळे शरीरशास्त्र या एका गरजेतून आले आहे.

या शरीराची आणखी एक तऱ्हा 1907 साली एच. व्ही. विल्सन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने दाखवली. त्याने जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. पेशी सुट्या झाल्या, तळाशी बसल्या, सरपटत एकमेकींना शोधू लागल्या आणि त्यांच्यातून पुन्हा स्पंज उभा राहिला. पेशींनी एकमेकींना ओळखणे आणि धरून राहणे ही बहुपेशीय जीवनाची पहिली अट, आणि ती इथे उघड्या डोळ्यांसमोर पुरी होताना दिसते.

तलावातल्या स्पंजाकडे याखेरीज एक हुन्नर आहे, तो बहुतेक समुद्री स्पंजांना लागत नाही. पाणी ओसरू लागले की त्याच्या शरीरात जननकलिका तयार होतात. प्रत्येक कलिकेत अन्नसाठ्याने भरलेल्या पेशींचा गोळा, त्याभोवती चिवट कवच, कवचात हवेच्या पोकळ्या आणि वरून सिलिकाच्या सुयांचे चिलखत. मूळ स्पंज मरून वाळून जातो. कलिका ऊन, कोरड, वारा सोसून राहतात. हवेच्या थरामुळे त्या पाण्यावर तरंगतात आणि पुराबरोबर दुसऱ्या तलावातही पोचतात. चैत्र-वैशाखात तलावाच्या कोरड्या पडलेल्या काठावर बेशरमाची जुनी काडी, मासेमारीचा बांबू किंवा पाणी सोडायच्या मोरीचा दगड निरखून पाहा. त्यावर राखाडी, भुसभुशीत, हात लावताच चुरणारा थर दिसेल. तो भिंगाखाली धरला की सुयांच्या जाळीत रुतलेले पिवळट-तपकिरी गोल दाणे दिसतात, खसखशीहूनही बारीक. चार-सहा दाणे काढून काचेच्या पसरट बशीत तलावाचे गाळलेले पाणी घालून सावलीत ठेवावेत आणि बशी हलवू नये. साधारण आठवडाभरात दाण्याच्या एका बाजूने पांढुरका ठिपका बाहेर येऊन काचेला चिकटतो. तो पसरतो, पारदर्शक होतो, त्यावर एक नाजूक नळकांडे उभे राहते. त्याच्याजवळ पातळ केलेल्या खाण्याच्या रंगाचा एक थेंब सोडला तर थोड्या वेळाने रंग त्या नळकांड्यातून बाहेर पडताना भिंगातून दिसतो. ग्रँटने पाहिलेली धार ती हीच. उरलेल्या चुऱ्यावर घरातले ब्लीच घालून तो काही तास ठेवला की मांसल भाग विरघळतो आणि तळाशी काचेच्या सुया उरतात, टोकदार, मिलिमीटरच्या चौथ्या हिश्शाएवढ्या. यांनाच पुस्तकात शूकिका किंवा कंटिका म्हटले आहे. जात ओळखायची ती मुख्यतः यांच्या आकारावरून आणि कलिकेच्या चिलखतावरून.

हाताळताना एक काळजी घ्यायची. स्पंज चुरल्यावर हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. या सुया कातडीला खाज आणतात आणि डोळ्यांना इजा करतात. 2005 साली ब्राझीलच्या अरागुआइया नदीत पोहणाऱ्यांना डोळ्यांचे विकार झाले, त्यामागे स्पंजांच्या सुयाच होत्या.

निडारियांचे तंत्र अगदी वेगळे. इथे तोंड आहे, पचनाची पोकळी आहे, मज्जातंतूंचे जाळे आहे आणि दंशपेशी नावाचे शस्त्र आहे. दंशपेशीतल्या कुपीत गुंडाळलेला धागा प्रचंड दाबाखाली असतो. जलव्यालाच्या कुपीचा स्फोट अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला तेव्हा, 2006 साली, तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतो असे दिसले. त्यातला वेग वाढण्याचा दर गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक निघाला. प्राणिजगातल्या सर्वांत जलद हालचालींपैकी ही एक, आणि ती करणारा जीव सेंटिमीटरभरही लांब नाही.

जलव्याल पाहायचा तर थंडीत. हायड्रिलासारखी पाणवनस्पती तलावाच्याच पाण्यासह काचेच्या बरणीत भरावी आणि खिडकीशी स्थिर ठेवावी. एक-दोन दिवसांत उजेडाच्या बाजूच्या काचेवर बारीक धागे लोंबलेले दिसतात, त्यांच्या टोकाला पाच-सात शुंडके. पाणपिसू शुंडकाला लागली की जागीच लुळी पडते आणि हळूहळू तोंडाकडे ओढली जाते. चांगले खायला मिळाले की जलव्यालाच्या अंगावर कलिका फुटते, तिला शुंडके येतात आणि ती वेगळी होते. हेगजवळच्या एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवणारा आब्राहम ट्रेंबली याने 1740 साली हा जीव कापून पाहिला, तेव्हा दोन्ही तुकड्यांतून पूर्ण प्राणी तयार झाले. साऱ्या युरोपात खळबळ उडवणारा हा शोध खाजगी शिकवणीतल्या बरण्यांमध्ये लागला, हे शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. आज जलव्याल पुनर्जननाच्या आणि वार्धक्याच्या संशोधनात वापरला जातो. नीट जोपासलेल्या जलव्यालांमध्ये वयाबरोबर मृत्यूचे प्रमाण वाढत नाही, असे प्रयोगांतून दिसले आहे.

आणखी एक निडारिया ढिवरांच्या ओळखीचा आहे, फक्त या नावाने नाही. रोहू किंवा कतला यांच्या कल्ल्यांवर, खवल्यांवर कधी बारीक पांढरे फोड दिसतात. त्यांतले पुष्कळसे मिक्झोबोलस आणि त्याच्या भाईबंदांचे असतात. हे परजीवी पूर्वी एकपेशीय मानले जात. त्यांच्या बीजाणूंत जलव्यालासारखीच दंशकुपी असते, आणि जनुकांच्या तुलनेतून ते अतिशय लहान झालेले निडारियाच आहेत हे सिद्ध झाले. त्यांतल्या अनेकांचे अर्धे आयुष्य माशात आणि अर्धे तळच्या गाळातल्या कृमीत जाते. प्रवाळाचे नातेवाईक चामोर्शीच्या बाजारातल्या मासळीत सापडतात, हे वर्गीकरणाच्या धड्याला जोडण्यासारखे आहे.

या प्राण्यांचे परिसंस्थेतले काम काय? स्पंज पाण्यातले जिवाणू आणि सूक्ष्म शैवाल गाळून घेतो. हे कण इतके बारीक असतात की बहुतेक मासे ते थेट खाऊ शकत नाहीत. स्पंजामार्फत ती ऊर्जा पुढे सरकते. त्याच्या पोकळ्यांत कृमी, डासवर्गीय माश्यांच्या अळ्या आणि लहान संधिपाद राहतात. सिसिरा नावाच्या कीटकाची अळी तर स्पंजाचा रस शोषूनच वाढते, आणि या साऱ्यांवर मासे पोसले जातात. समुद्रात हेच काम मोठ्या प्रमाणावर चालते. प्रवाळभित्तींवरचे स्पंज पाण्यात विरघळलेले सेंद्रिय द्रव्य शोषतात आणि आपल्या झडलेल्या पेशींच्या रूपाने ते इतर प्राण्यांना खाण्याजोगे करून देतात, हे 2013 साली डच संशोधकांनी दाखवले. प्रवाळभित्ती समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापत नाहीत, तरी समुद्री जातींपैकी सुमारे पाव हिस्सा तिथे आश्रयाला असतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली घोषित झाले, आणि सिंधुदुर्गापासून शंभरावर किलोमीटर दूर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव मिरवणारा आंग्रिया बँक हा बुडालेला प्रवाळप्रदेश आहे. प्रवाळाला अन्न पुरवणारे शैवाल त्याच्या पेशींत राहते. पाणी तापले की ही जोडी तुटते आणि प्रवाळ पांढरा पडतो. उजेडात वाढलेले गोड्या पाण्यातले काही स्पंज हिरवे दिसतात, तेही पेशींतल्या शैवालामुळेच. हा सहवास समजावून सांगायला आपल्याकडे जवळचे उदाहरण आहे.

जलव्यालाचा उपयोग आणखी एका कामी होतो. तांबे, जस्त यांसारखे धातू आणि कीटकनाशके यांना तो फार लवकर बळी पडतो. आधी शुंडके आखडतात, मग शरीर गोळा होते, मग विरघळते. म्हणून पाण्याची विषारीपणाची चाचणी करायला प्रयोगशाळांत तो वापरतात. धानाच्या बांध्यांतून फवारणीचे पाणी ज्या बोडीत उतरते, तिथे जलव्याल दरवर्षी सापडतो की नाही, एवढी साधी नोंदही बोलकी ठरेल. एखाद्या वर्षी तो दिसला नाही म्हणजे पाणी बिघडलेच असे नव्हे, कारण त्याची संख्या मुळातच ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. सलग काही हिवाळ्यांच्या नोंदी असतील तरच निष्कर्ष काढावा.

तलावांच्या देखभालीचा प्रश्न इथे येतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 पासून राबवली जात आहे. तलावातला गाळ शेतात जावा आणि साठवण वाढावी, हा तिचा हेतू योग्यच आहे. बेशरम उपटून काढणेही आवश्यक आहे. पण एकाच उन्हाळ्यात यंत्राने सगळा तळ खरवडला, काठच्या काड्या पेटवल्या, जुने दगड काढून गुळगुळीत काँक्रीट केले, तर त्या तलावातला जननकलिकांचा साठाही त्याच ट्रॉलीतून जातो. उपाय खर्चाचा नाही. पाळीलगतचा एक पट्टा त्या वर्षी सोडावा, जुने दगड काठावरच ठेवावेत, बेशरम काढल्यावर बांबूच्या काही खुंट्या पाण्यात राहू द्याव्यात. कमळ, हायड्रिला अशा स्थानिक पाणवनस्पती टिकवल्या की मासळीलाही त्याचा फायदा होतो, हे ढिवरांना कुणी शिकवायला नको.

पुस्तिकेची रचना ऋतूंप्रमाणे आहे. पहिला भाग उन्हाळ्याचा, कोरड्या काठावरच्या कलिकांचा. दुसरा रोवणीच्या दिवसांचा, बशीत आणि तलावात उगवणाऱ्या नव्या स्पंजांचा. तिसरा हिवाळ्याचा, जेव्हा स्पंज पुरता वाढलेला असतो आणि जलव्याल भरपूर मिळतात. समुद्री रूपे शेवटच्या भागात आहेत. तलावातला प्राणी हाताळून झालेल्या विद्यार्थ्याला सायकॉनची आकृती पाठ करावी लागणार नाही, ती त्याला वाचता येईल.

शिक्षकांना एकच विनंती. प्रत्येक नमुन्यासोबत तारीख, गाव, तलावाचे नाव, पाण्याची खोली आणि तो कशावर चिकटला होता हे लिहून ठेवा. तलाव आटल्याची आणि भरल्याची तारीखही नोंदवा. वाळलेला तुकडा कागदी पाकिटात वर्षानुवर्षे टिकतो, पण पाकिटावर मजकूर नसेल तर तो कचराच. पुढच्या उन्हाळ्यात ज्या तलावाचा गाळ निघणार आहे, तिथला नमुना यंत्र येण्याआधी घ्या, आणि दोन पावसाळे झाल्यावर त्याच दगडावर पुन्हा पाहा. गाळ काढल्यावर स्पंज परत येतात का, कुठून येतात आणि किती दिवसांनी, याचे उत्तर देण्याइतक्या जवळ तलावाशेजारची शाळाच आहे.